काट्याची चूक

पुणे, १२ जानेवारी २०२५

बाबा, नमस्कार.

फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं. खाणीवरच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं टिपरांची घरघर ऐकून तुमचे कान गेले, आणि फोन आईच्या हातात गेला की "सगळं बरं आहे गो" यापलीकडे मला काही कळत नाही. तुम्हाला लिहायची हौस आहे, मला वाचायची. तेव्हा आजपासून आपला कारभार पत्रांनी.

साखळी गावच्या डॉक्टरांनी तुमचा दाब एकशे सत्तर सांगितला तेव्हा तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं. काकांचा रुद्रेश परवा गावी येतोय, त्याच्याकडे दाब मोजायचं मशीन देते आहे. रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं. आकडे वहीत लिहायचे आणि मला पत्रातून कळवायचे. गोळी रोज एक, पूर्ण.

मी इथे उंदरांचं काय करते असं तुम्ही जेवताना विचारलं होतं आणि आईने "जेवताना उंदीर नको" म्हणून विषय बंद केला होता. आता सांगते. हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीत दोन प्रथिनं असतात, त्यांच्यावर माझी चार वर्षं गेली. एक इलास्टिन. ते रबरासारखं. ठोका आला की ताणतं, ठोका गेला की परत जागेवर येतं. दुसरं कोलॅजन, आपल्या काथ्याच्या दोरीसारखं. ते ताणत नाही, पण भिंत फाटू देत नाही. दाब सतत वाढलेला राहिला की भिंतीतल्या पेशींना वाटतं, भार वाढला, भिंत भक्कम करा. मग त्या काथ्या भरत सुटतात. रबराचे धागे मात्र झिजून तुटतात, आणि ते काही पुन्हा येत नाहीत. शरीर ते आईच्या पोटात आणि लहानपणी तयार करतं, तेच जन्मभर पुरवायचे. भिंत कडक झाली की दाब आणखी चढतो. हे सगळं होताना माणसाला काही दुखत नाही, म्हणून मोजायचं.

आईला सांगा, तिने दिलेली कोकमाची सोलं संपली.

तुमची गौरवी

---

पाळी, २८ जानेवारी २०२५

चि. गौरवी, घरून आम्हा दोघांचे आशीर्वाद.

मशीन मिळालं. रुद्रेशने लावून दाखवलं, पण तो दाखवतो भराभर, मला दोनदा विचारावं लागलं. आता मी त्यात तरबेज झालो आहे.

तू शास्त्रज्ञ असशील, पण वजनमापाची गोष्ट तू मला शिकवू नकोस. नवं मापयंत्र आलं आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, असं मी नोकरीत कधी केलं नाही. आमच्या खाणीवर रोज सकाळी पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी मी काटा तपासून घ्यायचो. त्याशिवाय एकाही टिपरची चिठ्ठी फाडली नाही. हे मशीनही मी रोज तसंच तपासतो आणि मगच आकडा लिहितो. तुला जे कळवीन ते पक्कं समज.

या आठवड्याचे आकडे: एकशे तीस, एकशे बत्तीस, एकशे अठ्ठावीस. खालचा ब्याऐंशीच्या आसपास. बघ, साखळीच्या डॉक्टरने उगाच घाबरवलं.

तुझ्या काथ्यावरून मला गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे आठवले. खाणी जोरात होत्या तेव्हा जास्त माल भरायचा म्हणून ड्रायव्हर लोक मागच्या पाट्यांत एक पाटा जादा घालून घ्यायचे. गाडी बसायची नाही, माल दणकून जायचा. पण पाटा लवायचाच बंद झाला की रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ गाडीच्या सांगाड्याला, चासीला लागायचा. वर्ष-दोन वर्षांत चासीला तडा. आमोण्याच्या जेटीवर अशा किती गाड्या उभ्या बघितल्या. तुझा उंदीर आणि आमचा टिपर एकाच जातीचे दिसतात.

आई म्हणते सोलं पाठवते.

बाबा

---

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

बाबा, नमस्कार.

तुमच्या जादा पाट्याची गोष्ट मी आमच्या प्रयोगशाळेत सांगितली. आमच्या मॅडम म्हणाल्या, मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे, इतकं सोपं करून मला सांगता आलं नाही. मी मान ताठ करून फिरले दिवसभर.

आकडे बघून जीव भांड्यात पडला. मशीन काट्यासारखं तपासता हे वाचून हसले. सेल बघत असाल, पट्टा उलटसुलट करून बघत असाल, डोळ्यांसमोर आलं. तपासा, तपासा.

एक करा. आईचाही एकदा मोजून मला कळवा. ती स्वतः कधी सांगायची नाही.

गौरवी

---

पाळी, १६ मार्च २०२५

चि. गौरवी, आशीर्वाद.

उशीर झाला. शिगम्यात घरात पाहुणे होते, आणि नंतर आई चार दिवस माहेरी कोरगावला गेली. ती नव्हती तेव्हा मोजमाप बंद ठेवलं. वही बघितलीस तर तिथे चार दिवस कोरे दिसतील, म्हणून सांगून ठेवतो.

बाकी आकडे एकशे अठ्ठावीस, एकशे सव्वीस. उतरता आलेख आहे.

आईचं विचारलंस. तिचा एकशेवीस धरून चाल. सदतीस वर्षांत मी तिला एक मलेरिया सोडून अंथरुणावर बघितलेली नाही. पहाटे पाववाला पोदेर यायच्या आधी तिचं अंगण झाडून होतं. घरात एक माणूस तरी असं लागतं की ज्याच्याकडे बघायची गरज पडत नाही.

बाबा

---

पाळी, ११ ऑगस्ट २०२५

गौरवी बाय,

बाबा साखळीला गेले आहेत म्हणून मी लिहायला बसले. माझं अक्षर बघून हसू नको. गणेश चवथीला येते म्हणून तू सांगितलंस, आता रुद्रेश म्हणतो तुझं काय ते मोठं सादरीकरण आहे, येणं होणार नाही. खरं काय ते मला लिही, म्हणजे फराळाच्या नेवऱ्या किती करायच्या ते मला कळेल. गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घड कोरगावहून भाऊ आणून देणार आहे.

तुला एक सांगते. दोन महिने सकाळी उठल्यावर डोकं मागच्या बाजूने जड होतं. जनेल उघडून तिथे कदेल ओढून बसले, जरा वारा लागला की बरं वाटतं. वयाचंच असणार. बाबांना यातलं काही लिहू नको. माझी काळजी लागली की त्यांचा दाब चढेल, आत्ता कुठे त्यांचे आकडे बरे येतात. परवा एकशे पंधरा आला तर मुलासारखे नाचले. डॉक्टरची गोळी आता अर्धीच घेतात, तेही तुला सांगायचं नाही असं मला बजावलं आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नको.

रोज सकाळी मशीन घेऊन माझ्या शेजारी बसतात. आधी माझा दंड, मग त्यांचा. मी म्हटलं, माझं कशाला? तर म्हणतात, तुझ्याशिवाय जमायचं नाही. लग्न झाल्यापासून इतक्या वेळा त्यांनी माझा हात धरला नव्हता गो. मी पण गप बसते. बरं वाटतं.

वेळेवर जेव.

तुझी आई

---

पुणे, २० ऑगस्ट २०२५

आई,

तुझं पत्र काल मिळालं. तीनदा वाचलं. रुद्रेश म्हणतो ते खरं आहे, चवथीला जमत नाही. दोन तारखेला मला आमचं काम बाहेरच्या लोकांपुढे मांडायचं आहे, चार वर्षांचा तोच एक दिवस. दिवाळीला नक्की येते. माझ्या नावाच्या पाच नेवऱ्या डब्यात ठेव.

डोक्याचं अंगावर काढू नको. चवथ झाली की बाबांना घेऊन साखळीला जा. बाबा तुझा दाब रोज बघतात आणि तो बरा आहे, म्हणून मला तेवढी धास्ती नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, डोळेही तपासून घे.

बाबांच्या अर्ध्या गोळीचं मी त्यांना वेगळं लिहीन, तुझं नाव येऊ देणार नाही.

तुझी गौरवी

---

पाळी, ५ ऑक्टोबर २०२५

चि. गौरवी,

दिवसकार्य आटोपून तू पुण्याला परतल्यापासून हे पहिलं पत्र. लिहायला चारदा बसलो. "आम्हा दोघांचे आशीर्वाद" असं हात आपोआप लिहितो आणि कागद बदलावा लागतो.

माटोळीचं सामान कोरगावहून आलं होतं ते सुतकामुळे तसंच पडून राहिलं. आज मी ते बाहेर काढलं. त्या दिवशी सकाळी तुझी आई नेवऱ्यांसाठी नारळ किसायला बसली होती. पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं म्हणाली आणि आडवी झाली. तू हे सगळं ऐकलेलं आहेस, पण मला कोणाला तरी परत सांगावंसं वाटतं. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. तिथल्या डॉक्टरांनी मोठी रक्तवाहिनी फाटली म्हणून सांगितलं. तू ज्या वाहिनीवर शिकतेस तीच ना ती? मला तेव्हा तुला विचारायचा धीर झाला नाही. तू पुण्याहून पोचलीस तेव्हा तुला त्यांनी बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, तू मान हलवलीस, मला ऐकू आलं नाही.

तुझं वीस तारखेचं पत्र अठ्ठावीसला आलं. पाकिटावर तिचं नाव होतं म्हणून उघडलं नाही. देवाजवळ ठेवलं आहे.

मी आता दाब मोजत नाही. रागावू नकोस. मशीन तपासायची सोय राहिली नाही, आणि न तपासलेल्या मापाचा आकडा लिहिणं मला जमत नाही. गोळीही सुटली आहे. वही मात्र तुला पाठवतो, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडली तर बघ. तीन रकाने आहेत. पहिल्यात मशीनने दाखवलेला माझा आकडा, दुसऱ्यात काट्याची चूक, तिसऱ्यात चूक वजा करून खरा दाब. खाणीवर होती तीच पद्धत. तिथे एक जुना टिपर होता, त्याचं रिकामं वजन पक्कं माहीत. सकाळी तो काट्यावर चढवायचा, काटा जेवढं जास्त दाखवेल तेवढं दिवसभर प्रत्येक गाडीतून वजा करायचं. इथे टिपर कुठून आणणार? तुझी आई होती. तिचा एकशेवीस, म्हणून तिच्या हातावर जेवढं जास्त येईल ती मशीनची चूक. तू पाठवलेलं मशीन वाईट निघालं, पण तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं. जानेवारीत अडतीसने जास्त दाखवत होतं, ऑगस्टमध्ये सदुसष्टने.

घर फार शांत आहे. माझ्यासारख्या बहिऱ्याला कळतं एवढं शांत.

बाबा

---

पुणे, १४ ऑक्टोबर २०२५

बाबा, नमस्कार.

वही मिळाली. उत्तराला दोन दिवस उशीर झाला. प्रयोगशाळेत काम फार आहे.

मशीनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. काही मशीनं पहिल्यापासून सदोष निघतात, हळूहळू जास्तच बिघडत जातात. मी चौकशी केली. तुमची वजाबाकी बरोबर होती. जुनं मशीन टाकून द्या, घरात ठेवूसुद्धा नका. रुद्रेशकडे नवं पाठवते आहे. हे मी इथे तपासून घेतलं आहे, तुम्हाला तपासायची काही गरज नाही. फक्त लावायचं आणि जो आकडा येईल तो लिहायचा.

आणि बाबा, गोळी आजपासून पूर्ण घ्या. रोज. साखळीला जाऊन डॉक्टरांना दाखवा, रुद्रेश नेईल. मी हात जोडते.

आई गेली त्यात कोणाची चूक नव्हती. ती वाहिनी कधी कधी अशीच फाटते, आधी काही कळत नाही. मी यात शिकलेली आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. तुम्ही तिच्याजवळ होता, तिच्या हातात तुमचा हात होता. मी तर सादरीकरणाचे कागद करत बसले होते. रोज सकाळी जाग आली की पहिलं तेच आठवतं आणि उठावंसं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. चार दिवस राहीन.

तुमची गौरवी

---

पाळी, ८ नोव्हेंबर २०२५

गौरवी बाय,

परवा तू इथून गेलीस. चार दिवस आपण एकमेकांसमोर जेवलो आणि दोघांनीही तो विषय काढला नाही. तू गप्प होतीस कारण मला कळू नये असं तुला वाटत होतं. मी गप्प होतो कारण मला कळलं होतं. तोंडाने सांगायला गेलो असतो तर तुझं उत्तर मला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहितो.

नवं मशीन तपासायची गरज नाही असं तू लिहिलंस. काट्यावर एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला असं कोणी सांगितलं तर तो आधी तेच करतो. रुद्रेश गेल्यावर नवं मशीन हाताला लावलं. एकशे चौऱ्याऐंशी. थोड्या वेळाने जुनं लावलं. एकशे शहाऐंशी. तीन सकाळी हेच केलं. जुनं सदुसष्टने जास्त दाखवत असतं तर दोघांत तेवढा फरक पडायला हवा होता. मग जुनं मशीन पिशवीत घालून शेजारी बाबुरावकडे गेलो. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून सुपारीच्या कुळागरात पाणी लावतो. त्याच्या हातावर एकशे बावीस आलं. तो विचारायला लागला काय झालं, काय झालं, आणि मी मशीन पिशवीत भरत राहिलो. त्याच्या सुनेने पाणी आणून दिलं.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला वाचतानाच खटकली होती. माझी वजाबाकी बरोबर म्हणतेस, आणि पुढे पूर्ण गोळीसाठी हात जोडतेस. दाब एकशे पंधरा असलेल्या बापापुढे कोणती मुलगी हात जोडते? लहानपणी तू खोटं बोललीस की आई ओळखायची आणि मी फसायचो. आता ओळखायला मीच उरलो.

मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. दुसऱ्या रकान्यात काट्याची चूक म्हणून मी सात महिने जे लिहिलं ती तुझी आई होती. जानेवारीत एकशे अठ्ठावन्न. शिगम्याला एकशे बासष्ट. पावसाळ्यात पावणेदोनशे. ती जायच्या आदल्या सकाळी एकशे सत्त्याऐंशी, आणि मी पुढे शेरा लिहिला आहे, "काटा फारच बिघडला, गौरवीला नवा मागावा का?" कुठल्या डॉक्टरने कुठल्या बाईचा दाब इतक्या नेमाने मोजला नसेल. दोनशेहून जास्त सकाळी मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि वजा करून टाकला. तिला वाटत असणार, मी तिचा हात धरतो आहे.

त्या जुन्या टिपरचं वजन आम्ही घरी बसून ठरवलेलं नव्हतं. वर्षातून एकदा माणूस येऊन शिक्क्याच्या वजनांनी ते पडताळून जायचा. तुझ्या आईचा एकशेवीस मी कुठून आणला होता? कधी कुठे बघितलेलाच नव्हता. तू फेब्रुवारीत विचारलंस, तेव्हा मी वहीची पानं उलटली असती तरी पुरे होतं. मी "धरून चाल" लिहिलं.

देवाजवळचं तुझं पत्र काल उघडलं. तिचं डोकं दुखत होतं हे मला त्यातून कळलं. तिने माझ्यापासून लपवलं, माझा दाब वाढू नये म्हणूनच असणार. माझा आकडा मी तिच्यातून उतरवत होतो आणि तो उतरला म्हणून ती सुखात होती. हे वाचल्यापासून अन्न जात नाही. पण जेवतो. तू घाबरू नकोस.

आता तुझं. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काय विचारलं असेल ते मी ताडलं आहे. आईला दाब होता का, असंच ना? आणि तू माझ्या पत्रावर विसंबून नाही म्हणालीस. "रोज बघतात, बरा आहे" हे तू माझ्याच शब्दावर लिहिलंस. मी चुकीचं माप दिलं, त्यात घेणाऱ्याचा दोष नसतो. ती फाटायचीच होती असं मला पुन्हा सांगू नकोस. तू मला ते रबराचे धागे समजावून दिले आहेस. गोळी जानेवारीत सुरू झाली असती तर काय झालं असतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुला ते एकटीने पोटात ठेवायचं होतं. तसं ठेवू नकोस, कारण मलाही ते एकट्याला झेपत नाही.

दिवाळीला तू येशील म्हणून पाच नेवऱ्या ठेवायला सांगितल्या होत्यास. पहिल्या घाण्याच्याही झाल्या नव्हत्या. सारण डब्यात होतं, ते मला टाकवलं नाही.

गोळी गेले अठरा दिवस पूर्ण घेतो आहे. साखळीच्या डॉक्टरने आणखी एक वाढवून दिली आहे, तीही घेतो. वहीचं नवं पान काढलं. त्यात आता एकच रकाना आहे. आज सकाळी चहाच्या आधी जनेलाकडच्या कदेलवर पाच मिनिटं शांत बसलो आणि मोजला.

एकशे चौसष्ट, शहाण्णव. यातून काही वजा केलेलं नाही.

बाबा